पाणवठ्याकाठची हाडे : पूर्व विदर्भातील पुरातन वस्त्यांमधले प्राण्यांचे अवशेष

पुरातत्त्वीय उत्खननात खापरांच्या खालोखाल हाती लागते ते हाड. बहुतेक वेळा ते तुटलेले, काही वेळा जळालेले, तर काही वेळा कुत्र्याने चावलेले असते. ते देखणे नसते आणि त्यावर कोणाचे नाव कोरलेले नसते, म्हणून वस्तुसंग्रहालयाच्या काचेआड त्याला क्वचितच जागा मिळते. तरीही एखाद्या वस्तीत माणसे काय खात, कोणती जनावरे पाळत, रानात किती लांब जात आणि पाण्यातून काय काढत, याचा थेट पुरावा दुसऱ्या कोणत्याही वस्तूत इतका नसतो. प्राण्यांचे अवशेष या नावाखाली केवळ हाडे येत नाहीत. दात, शिंगे, शिंपले, कासवाच्या पाठीच्या ढालीचे तुकडे, माशांचे काटे व खवले आणि अंड्यांची कवचे यांचाही त्यांत समावेश होतो. या सर्वांचा अभ्यास म्हणजे पुरातत्त्वीय प्राणिशास्त्र. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडणारे डायनोसॉरचे अवशेष या शास्त्राच्या कक्षेत येत नाहीत. तो जीवाश्मांचा, म्हणजे माणूस जन्मण्याच्या कित्येक कोटी वर्षे आधीचा विषय आहे. पुरातत्त्वीय प्राणिशास्त्राला हवा असतो तो माणसाच्या चुलीपाशी, उकिरड्यावर किंवा थडग्यात पोहोचलेला प्राणी.

पाण्याच्या काठी वसलेल्या गावांच्या बाबतीत हा अभ्यास विशेष फलदायी ठरतो, आणि विशेष अवघडही. जगात त्याची सुरुवातच समुद्रकाठी झाली. डेन्मार्कच्या किनाऱ्यावर कालवांच्या कवचांचे लांबलचक ढिगारे होते. समुद्राने टाकलेला गाळ म्हणून बराच काळ त्यांच्याकडे पाहिले जाई. 1848 मध्ये नेमलेल्या समितीत प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप आणि पुरातत्त्वज्ञ वोर्सो होते. हे ढीग म्हणजे माणसांनी खाऊन टाकलेल्या अन्नाचा केर आहे, असे या समितीच्या कामातून सिद्ध झाले. ढिगांत पक्ष्यांच्या लांब हाडांचे मधले भाग पुष्कळ होते, टोके मात्र जवळजवळ नव्हती. याचे कारण शोधण्यासाठी स्टीनस्ट्रुपने कुत्र्यांना हाडे खायला घातली. कुत्र्यांनी जे भाग टाकून दिले, तेच भाग ढिगांत सापडत होते. अश्मयुगीन वस्तीत कुत्रा होता, हे त्याने कुत्र्याच्या हाडावरून न सांगता कुत्र्याने न खाल्लेल्या हाडांवरून सांगितले. या शास्त्रातला इतका साधा आणि इतका चतुर प्रयोग क्वचितच आढळतो.

आदिवासींच्या किनारी गावांमधील अवशेषांचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरील ओझेट हे मकाह लोकांचे गाव. काही शतकांपूर्वी डोंगरउतारावरून घसरलेल्या चिखलाखाली तिथली लाकडी घरे गाडली गेली. 1970 पासून रिचर्ड डॉहर्टी यांच्या नेतृत्वाखाली अकरा वर्षे तेथे उत्खनन चालले आणि पंचावन्न हजारांहून अधिक वस्तू बाहेर आल्या. ओल्या चिखलात हवा न शिरल्यामुळे दोर, टोपल्या आणि जाळ्याचे तुकडेही टिकले होते. सस्तन प्राण्यांच्या हाडांत सागरी प्राण्यांचे प्रमाण प्रचंड होते आणि त्यांत फर सील आघाडीवर होता. देवमाशाची हाडे तर घरांभोवतीचे पाणी वळवण्यासाठीही वापरलेली होती. मकाह लोकांच्या मौखिक परंपरेत देवमाशाच्या शिकारीचे जे स्थान आहे, त्याला या हाडांनी भौतिक आधार दिला. सापडलेल्या वस्तू दूरच्या विद्यापीठात न जाता निआ बे या गावीच, मकाह लोकांच्या स्वतःच्या संग्रहालयात राहिल्या.

महाराष्ट्राला समुद्रकिनारा मोठा आहे. सोपारा आणि चौल यांसारखी प्राचीन बंदरेही आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आरती देशपांडे-मुखर्जी यांनी पुरातन स्थळांवरील शंख-शिंपल्यांचा सातत्याने अभ्यास केला आहे. तरी पाण्याच्या काठी जगणारा समाज म्हणजे केवळ कोकणातला कोळी, असे मानण्याचे कारण नाही. राज्याच्या अगदी पूर्व टोकाचा गोंदिया जिल्हा समुद्रापासून शेकडो कोस दूर आहे, पण त्याचे सारे जगणे पाण्याभोवती बांधलेले आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात वैनगंगा, बाघ, चुलबंद आणि गाढवी या नद्या आहेत. शिवाय गावोगावी माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आणि शेताशेतांत बोड्या, म्हणजे छोटी तळी, आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, अशी परंपरा आहे. तलाव बांधणारे कोहळी, त्यांत मासे धरणारे आणि शिंगाडे लावणारे ढिवर, आणि काठच्या रानाशी नाते असलेले गोंड व हलबा यांच्या जगण्याची नोंद रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडी ग्रंथात सापडते. ही नोंद शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची. त्याआधीच्या हजारो वर्षांबद्दल बोलायचे, तर भिस्त जमिनीखाली उरलेल्या वस्तूंवर ठेवावी लागते.

भारतात या अभ्यासाची सुरुवात सिंधू संस्कृतीच्या मोठ्या शहरांपासून झाली. मोहेंजोदडोच्या हाडांवर स्यूएल आणि गुहा यांचे लेखन 1931 मध्ये आले, तर हडप्पाच्या हाडांवर बेनीप्रसाद यांचा स्वतंत्र ग्रंथ 1936 मध्ये. त्यानंतर बराच काळ हाडे म्हणजे उत्खनन अहवालाच्या शेवटचे परिशिष्ट, असाच प्रघात राहिला. पुरातत्त्वज्ञाने पेट्या भरून हाडे प्राणिशास्त्रज्ञाकडे पाठवायची आणि त्याने प्राण्यांच्या नावांची यादी परत धाडायची. यादीत बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, हरीण अशी नावे असत. कोणते हाड कोणत्या खड्ड्यातले, कोणत्या घरातले, हा प्रश्नच विचारला जात नसे. डेक्कन कॉलेजात ह. धी. सांकलिया यांनी उभ्या केलेल्या परंपरेत हे चित्र बदलले. जी. एल. बदाम, पी. के. थॉमस आणि प्रमोद जोगळेकर यांच्या कामामुळे हाडे परिशिष्टातून मुख्य चर्चेत आली. आजच्या प्राण्यांच्या सांगाड्यांचा तुलनात्मक संग्रहही तिथे तयार झाला. अशा संग्रहाशिवाय या शास्त्रात एक पाऊलही टाकता येत नाही. हातातल्या तुकड्याशेजारी ओळखीचे हाड ठेवून पाहिल्यावरच तो तुकडा चितळाचा की शेळीचा, हे ठरते.

महाराष्ट्रातील सर्वांत सविस्तर उदाहरण पुणे जिल्ह्यातील इनामगावचे. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत 1968 ते 1983 या काळात उत्खनन झाले. सुमारे इ. स. पू. 1600 ते 700 या काळात तिथे शेतकरी राहत होते आणि त्यांच्या उकिरड्यातल्या हाडांत गोवंश सर्वांत ठळक होता. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ. स. पू. 1000 नंतर, शेळ्या-मेंढ्यांचे आणि शिकारीच्या प्राण्यांचे महत्त्व वाढलेले दिसते. पाऊस कमी होत गेला, शेती आखडली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले, अशी मांडणी म. के. धवलीकर यांनी त्यावरून केली. तिच्यावर पुढे आक्षेप घेतले गेले. पण उकिरड्यातल्या हाडांवरून एका समाजाच्या हलाखीचा इतिहास मांडता येतो, हे मराठी वाचकांना इनामगावनेच दाखवले. त्याहून खूप मागे गेले तर जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि त्यावर कोरलेली नक्षी सापडली आहे. हे कवच सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहे. खानदेशात त्या काळी शहामृग फिरत होते, हे कवचाच्या एका तुकड्याने सांगितले.

विदर्भात या विषयाचा मुख्य आधार आहे तो बृहदाश्मयुगीन, म्हणजे दगडी वर्तुळांच्या संस्कृतीचा. नागपूरच्या परिसरातील जुनापाणीची वर्तुळे इंग्रज अधिकारी रिव्हेट-कारनॅकने एकोणिसाव्या शतकातच उकरली होती. पुढे शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली टाकळघाट-खापा, माहुरझरी, नैकुंड आणि भागीमोहारी येथे पद्धतशीर उत्खनने झाली. जुन्या भंडारा जिल्ह्यातील तिलोता-खैरीच्या शिळास्मारकांचा उल्लेख इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरांनीही केलेला आहे. इ. स. पूर्व पहिल्या सहस्रकातील या लोकांनी लोखंड गाळले, भात पिकवला आणि आपल्या मृतांबरोबर घोडा पुरला. घोड्याच्या चेहऱ्यावरचे तांब्याचे अलंकार आणि तोंडातल्या लगामाच्या कड्या यांमुळे ही थडगी प्रसिद्ध झाली. थॉमस यांनी तिथल्या हाडांची तपासणी केली, तेव्हा काही घोड्यांच्या हाडांवर तोडल्याच्या खुणा दिसल्या. मालकाच्या शेजारी निजवलेला लाडका घोडा, ही रम्य कल्पना त्यामुळे बाजूला ठेवावी लागते. अंत्यविधीत जनावर मारले जाई आणि त्याचे भाग वर्तुळात ठेवले जात, असा अर्थ अधिक पटतो.

याच संस्कृतीच्या राहत्या वस्त्यांकडे वळले की चित्र पालटते. नैकुंड आणि भागीमोहारीच्या घरांमध्ये व खड्ड्यांमध्ये घोडा मागे पडतो आणि गाय-बैल पुढे येतात. त्यांच्यासोबत म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर आणि काही रानटी प्राणी दिसतात. थडगे सांगते ते समाजाने स्वतःबद्दल जे मिरवायचे ठरवले ते. उकिरडा मात्र कोणी विचार करून भरत नाही, म्हणून अन्नाच्या इतिहासात थडग्यापेक्षा उकिरड्याचा शब्द अधिक मानावा लागतो. गोवंशाच्या हाडांवरील सुरीच्या खुणांवरून आज चटकन वाद पेटतात. या खुणा जनावर कापले गेल्याच्या आहेत, यात शंका नाही. पण हजारो वर्षांपूर्वीच्या समाजावर आजचे आचार लादणे, किंवा त्या खुणा आजच्या भांडणात साक्षीदार म्हणून उभ्या करणे, हे दोन्ही तितकेच अनैतिहासिक आहे.

या साऱ्या याद्यांत एक पोकळी आहे आणि गोंदियासारख्या तलावांच्या प्रदेशात ती खटकते. ती पोकळी माशांची. पाण्याकाठच्या वस्त्यांच्या हाडांच्या यादीत बैल नेहमी पहिला आणि मासा शेवटच्या ओळीत असतो. काही वेळा तर तो असतच नाही. याचा अर्थ लोक मासे खात नव्हते असा लावणे चूक आहे. मासा तीन ठिकाणी गळतो : मातीत, कुत्र्याच्या तोंडात आणि उत्खनकाच्या टोपलीत.

आधी माती. पश्चिम महाराष्ट्रातील काळ्या मातीत चुना भरपूर असतो. तिथे हाडांवर चुन्याचे कवच चढते आणि ती शाबूत राहतात. गोंदियाची जमीन त्या जातीची नाही. आमगावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पुरातन ग्नाइस खडकावरची ही माती. शेतकरी तिला सिहार, मोरांड, कन्हार, खरडी, बरडी अशा नावांनी ओळखतो. धानाला सोयीची सिहार हलकी, पिवळसर आणि वाळूमिश्रित असते. अशा आम्लधर्मी, पावसाने सतत धुतल्या जाणाऱ्या मातीत हाडातला चुना विरघळत जातो. जाड नळीचे हाड टिकते, माशाचा काटा टिकत नाही. मात्र यालाही एक अपवाद आहे. जिथे शतकानुशतके वस्ती होती, तिथे चुलीची राख, शेण आणि भिंतींची माती साठून गावची पांढरी तयार होते. राख आम्ल मारते. म्हणून आजूबाजूच्या शेतात जे हाड पाच-पन्नास वर्षांत नाहीसे होईल, ते पांढरीत दोन हजार वर्षे राहू शकते. दुर्दैवाने हीच माती विटांसाठी, भरावासाठी आणि शेतात टाकण्यासाठी सर्वांत आधी उचलली जाते.

कुत्र्यांचे काम डेन्मार्कच्या प्रयोगावरून कळलेच आहे. पूर्व विदर्भात त्यांना डुकराची आणि साळिंदराची जोड मिळते. साळिंदर हाडे कुरतडते, शिवाय ती आपल्या बिळात नेऊन साठवते. सालेकसा तालुक्यातील कचारगडसारख्या गुहांच्या प्रदेशात हाडांचा साठा माणसाचा की साळिंदराचा, हे दातांच्या रुंद, समांतर खाचा पाहून ठरवावे लागते. शिंगांच्या बाबतीत असाच आणखी एक चकवा आहे. चितळ आणि सांबराची शिंगे दरवर्षी गळून पडतात. वस्तीत सांबरशिंग सापडले म्हणजे सांबर मारले, असे होत नाही. शिंग कवटीच्या तुकड्यासकट असेल तरच शिकार म्हणायची. नाहीतर ते कोणीतरी रानातून उचलून आणले असणार.

तिसरी गळती सर्वांत मोठी आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहे. कुदळीने माती काढून हाताला लागेल ते हाड वेचले, तर बैलाची मांडी मिळते आणि मरळीचा मणका मातीबरोबर टोपलीतून बाहेर जातो. बारीक भोकांच्या चाळणीने माती चाळली, किंवा धान्याचे दाणे शोधण्यासाठी करतात तशी ती पाण्यात घोळवून तळाचा गाळ तपासला, की यादी बदलते. जुन्या अहवालांत मासे नाहीत, ते प्रामुख्याने चाळणी नसल्यामुळे. पूर्व विदर्भाच्या प्राचीन आहाराबद्दल आज जे ठाम बोलले जाते, त्यात या एका हत्याराच्या अभावाचा वाटा फार मोठा आहे.

माशांचे अवशेष हाती लागलेच, तर ते बैलापेक्षा अधिक बोलके असतात. मागूर-शिंगीच्या जातीतील माशांच्या परांचे टणक काटे आणि डोक्याची खरखरीत हाडे सहसा टिकतात. रोहू-कटल्याच्या कुळातील माशांना जबड्यात दात नसतात, घशात असतात. ते दात ओळखीसाठी फार उपयोगी पडतात. माशाच्या कानात चुन्याचा खडा असतो. त्यावर झाडाच्या खोडासारखी वाढीची वर्तुळे पडतात आणि बाहेरच्या वर्तुळावरून मासा कोणत्या ऋतूत मेला, याचा अंदाज बांधता येतो. मरळ, मागूर आणि शिंगी हे तिन्ही हवेतून श्वास घेऊ शकणारे मासे. उन्हाळ्यात बोडी आटते, तेव्हा ते चिखलात तग धरतात आणि माणसाच्या हाती सहज लागतात. एखाद्या थरात हेच मासे जास्त सापडले, तर वस्तीजवळ उथळ, साचलेले पाणी होते आणि मासेमारी मुख्यतः आटत्या पाण्यात चाले, असे म्हणता येते. महसीरची हाडे मिळाली, तर वाहत्या, खडकाळ नदीकडे जावे लागते. मोठ्या तलावांपूर्वी या भागात पाणी कसे साठवले जाई, या प्रश्नाचे उत्तर ताम्रपटांपेक्षा अशा काट्यांत सापडण्याची शक्यता अधिक आहे.

मासा थराची शुद्धताही तपासून देतो. तिलापिया हा आफ्रिकेतला मासा भारतात 1952 मध्ये आला. बृहदाश्मयुगीन म्हणून नोंदवलेल्या खड्ड्यात त्याचे हाड निघाले, तर तो थर उंदराने, नांगराने किंवा अलीकडच्या खोदकामाने ढवळलेला आहे, हे निश्चित. कासवाच्या बाबतीत ओळख त्याहून सोपी. गोड्या पाण्यातील मऊ पाठीच्या कासवांच्या ढालीवर बारीक खळगे असतात आणि नखाएवढा तुकडाही त्यावरून ओळखता येतो. नदी-तलावातील शिंपल्यांचे चमकदार आतील थर मात्र पापुद्र्यासारखे सुटतात. ते जिथल्या तिथे मोजले नाहीत तर प्रयोगशाळेत पोहोचते ती फक्त भुकटी.

एकदा हाडे ओळखली की मोजणी सुरू होते, आणि तिथे सावधगिरी लागते. ओळखलेल्या तुकड्यांची संख्या आणि कमीत कमी किती जनावरांपासून ते तुकडे आले असतील ती संख्या, या दोन वेगळ्या गोष्टी. बैलाचे एक हाड दहा तुकडे होऊन दहा वेळा मोजले जाऊ शकते. एकाच जातीच्या प्राण्याचे उजव्या बाजूचे तेच हाड तीनदा मिळाले, तर जनावरे किमान तीन. मग वय येते. लांब हाडांची टोके ठरावीक वयात मुख्य हाडाशी जुळतात आणि दात ठरावीक क्रमाने उगवतात व झिजतात. कळपातली नर वासरे लहानपणीच मारली गेली असतील, तर दुधाकडे कल होता असे मानता येते. जनावरे म्हातारी होईपर्यंत राखली असतील आणि बैलांच्या खुरांजवळच्या हाडांवर जादा हाड वाढलेले असेल, तर ती नांगराला किंवा गाडीला जुंपली जात होती. धानाच्या चिखलणीत म्हशी-रेड्याचा वापर केव्हा सुरू झाला, हा पूर्व विदर्भाच्या शेतीचा कळीचा प्रश्न याच मार्गाने सुटू शकतो. हाडाच्या आकारावरून ओळख पटत नसेल, तर अलीकडे हाडातील प्रथिनांवरून शेळी आणि मेंढी वेगळी काढता येते. पण उष्ण, पावसाळी प्रदेशात ही प्रथिने लवकर नष्ट होतात, म्हणून गोंदियात या तंत्राकडून फार आशा धरू नये. इथे चांगली चाळणी आणि चांगला तुलनात्मक संग्रह हीच खरी साधने आहेत. संग्रहासाठी कासव, सारस किंवा सांबर यांचे सांगाडे लागतात आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते परवानगीखेरीज ठेवता येत नाहीत. वन खाते आणि विद्यापीठे यांनी एकत्र बसल्याशिवाय हे काम पुढे सरकणार नाही. स्थानिक ढिवरांच्या माशांविषयीच्या ज्ञानाची जोड तर त्याला हवीच. कोणता मासा कोणत्या पाण्यात आणि कोणत्या महिन्यात मिळतो, हे जाळे टाकणाऱ्याइतके कोणाला ठाऊक नसते.

गोंदियाच्या संदर्भात वेळेचाही प्रश्न आहे. मामा तलावांतील गाळ काढून तो शेतात टाकण्याचे काम गेली काही वर्षे शासकीय योजनांतून वेगाने होत आहे. ते गरजेचेही आहे. पण जेसीबीच्या एका फेरीत पाळीच्या पोटातला जुना थर आणि त्यातली हाडे शेतात पसरतात. निखात निधीचा 1878 चा कायदा जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यायला सांगतो. दहा रुपयांहून अधिक मोल नसलेल्या वस्तूला तो लागू होत नाही आणि उकिरड्यातल्या हाडाला बाजारात मोल नसते. म्हणून हे काम गावकऱ्यांनीच अंगावर घ्यावे. गाळ काढताना किंवा पांढरीची माती उचलताना राखेच्या थरात हाडे, शिंपले आणि खापरे एकत्र दिसली, तर ती धुऊ नयेत, वेगवेगळी करू नयेत. जागेवरच त्यांचे छायाचित्र घ्यावे, खोली मोजून लिहून ठेवावी, काम तेवढ्यापुरते थांबवावे आणि तहसील कार्यालयाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाला कळवावे.